ठिपका माशाचा की पाण्याचा?

आमच्यात काळं फक्त संक्रांतीला नेसतात. एरवी कुणी काळं घातलं तर थोरल्या बायका तोंडाने काही बोलत नाहीत, पण अशा बघतात की आपणच घरी जाऊन बदलून यावं. मी मात्र गेली वीस-बावीस वर्षं कामाच्या दिवशी नखशिखांत काळी असते. काळा कुडता, काळी सलवार, बांगड्या काढून पर्समध्ये. सासूबाई होत्या तोवर दारातच अडवायच्या. "आज कुणाचं काय झालं गं?" मी म्हणायची, "काही नाही आई, मासा आहे."

मी शिवाजीनगरात राहते. बेंगळुरूच्या शिवाजीनगरात, पुण्याचे पाहुणे आले की हे मुद्दाम सांगावं लागतं. आमचं घराणं इथं किती पिढ्या आहे ते आम्हालाच नीट सांगता येत नाही. घरात मराठी, दारात कन्नड, आणि भांडताना दोन्ही. लग्नाकार्यात कुणी विचारलं, तू काय करतेस, तर मी सांगते, काचेच्या टाकीतल्या माशांचे फोटो काढते. त्यावर विचारणाऱ्याचा जो चेहरा होतो, त्याचाच एकदा फोटो काढायचा आहे मला. एक आत्याबाई तर जवळ सरकून हळूच म्हणाल्या होत्या, "आणि त्यावर घर चालतं?" चाललं, आत्या. चांगलं चाललं.

"त्यात काय मोठंसं, मोबाइल आहे की हातात," असंही लोक म्हणतात. काढून बघा ना! पहिल्या फोटोत तुम्हीच दिसाल, मागे तुमची ट्यूबलाइट आणि भिंतीवरचं कॅलेंडर. काच म्हणजे आरसाच की. दुसऱ्यांदा फ्लॅश माराल, तर मधोमध पांढरा गोळा येईल. तिसऱ्यात मासा असेल, पण शेपटीकडचा, पळताना.

म्हणून खोलीतले दिवे सगळे बंद, पडदे ओढलेले, उजेड फक्त टाकीच्या वरून. अंगात काळं, म्हणजे काचेत मी उमटत नाही. भिंग काचेच्या अगदी समोरासमोर धरायचं. जरा तिरकं झालं की माशाच्या कडा फिसकटतात. काच बाहेरून जुन्या मलमलच्या फडक्याने पुसायची. ते फडकं माझ्या पिशवीत कायम असतं. देवाच्या पुस्तकात ठेवतात ना पिंपळपान, तसं. पाणी आदल्या दिवशी बदललेलं हवं. त्याच दिवशी बदललं तर बारीक बुडबुडे माशाच्या अंगाला चिकटतात. फोटोच्या वेळी पंप बंद. सकाळपासून खाणं नाही, म्हणजे माशाला. आणि मग वाट बघायची. मासा आधी तुम्हाला न्याहाळतो, मग तुमचा कंटाळा करतो, आणि कंटाळा केला की आपल्या मूळ रुबाबात येतो. त्या वेळी डोळा लख्ख मिळाला पाहिजे. डोळा मिळाला की मासा मिळाला.

गिऱ्हाइकं म्हणाल तर तऱ्हेतऱ्हेची. मासे वाढवणाऱ्यांना परगावी विकायला फोटो लागतात, कारण घेणारा मासा बघतच नाही, फोटो बघतो. काहींना स्पर्धेला पाठवायचा असतो. आणि काही नुसतेच प्रेमात असतात. मारतहळ्ळीचा एक आयटीवाला होता, पुण्याकडचा. त्याच्याकडे फ्लॉवरहॉर्न जातीचा तांबडा मासा, कपाळावर हे एवढं टेंगूळ. तासभर झाला तरी मासा माझ्याकडे पाठ करून बसलेला. हा म्हणाला, "मॅडम, ॲक्च्युअली त्याचा लेफ्ट प्रोफाइल जास्त छान आहे. त्याला थोडं टर्न व्हायला सांगता येईल का?"

मी म्हटलं, "ओळख तुमची आहे. तुम्हीच सांगा."

तो बिचारा खरंच वाकला आणि म्हणाला, "बंटी, इकडे बघ रे." आणि तो टेंगळ्या वळला की हो! मी बटण दाबलं. फोटो इतका सुरेख आला की त्यांनी घराच्या वास्तुशांतीच्या पत्रिकेवर छापला. गणपतीच्या खाली बंटी. श्रेय मात्र सगळं मीच घेतलं.

आता मुद्द्याचं सांगते. हे काम मला वडिलांमुळे आलं, आणि माझ्या हातून जी मोठी चूक झाली तीही वडिलांच्या शिकवणीतूनच झाली.

आप्पांचा शिवाजीनगरात बस स्टँडजवळ फोटो स्टुडिओ होता. पासपोर्टचे, लग्नाचे, मुलगी दाखवायला पाठवायचे फोटो. त्या काळी निगेटिव्ह उजेडावर धरून टोकदार पेन्सिलीने रिटचिंग करत. देवीचे व्रण, मुरुम, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सगळं आप्पांच्या पेन्सिलीखाली नाहीसं व्हायचं. "माणूस आरशात दिसतो त्याहून दोन आणे बरा दिसला पाहिजे," असं ते म्हणत. मी नववीत असल्यापासून ती पेन्सिल हातात धरली. आम्ही डाग काढणारे लोक. आमच्या दुकानातून डाग असलेला फोटो बाहेर गेला तर आप्पांना जेवण जात नसे. पुढे कॉम्प्युटर आला, पेन्सिल गेली. पण फोटो बघताच बोट आपोआप ठिपक्याकडे जायची ती सवय काही गेली नाही.

विठ्ठलअण्णांची ओळख आप्पांच्या दुकानामुळेच. त्यांचं चिकपेटेत साड्यांचं दुकान. दुकानाच्या वर घर, घराच्या वर गच्ची आणि गच्चीवर पत्र्याच्या शेडमध्ये चौदा टाक्या. त्यात एंजल मासे. तळहाताएवढा, पतंगासारखा चपटा, उभा मासा; वरखाली लांब पर. अण्णांच्या एंजलांच्या अंगावर निळसर झाक होती, मोरपिसाच्या कडेला असते तशी, आणि त्यावर तीन काळे पट्टे, कुठंही न तुटलेले. ती झाक त्यांनी स्वतः आणली होती, पिढ्यामागून पिढ्या निवडून. साड्या विकून आलेलं सगळं समाधान ते गच्चीवर नेऊन ओतत. "अगं शालू, साडी दुसऱ्यानं विणलेली, मी नुसतं घडी मोडून दाखवतो. हे मात्र मी विणलंय," असं मला म्हणत.

पण साखरेने अण्णांचे डोळे अधू झाले. मोठं दिसे, बारीक दिसेना. मासे वाढवणाऱ्याला तर बारीकच बघायचं असतं: पर फाटलाय का, डोळा धुरकट आहे का. म्हणून मी दर महिन्याला जाऊन एकेका माशाचा फोटो काढायची, आणि खाली दिवाणखान्यात टीव्हीवर तो भला मोठा करून लावायची. अण्णा टीव्हीला नाक लावून बसत. पार्वतीवहिनी कॉफी आणून देत आणि म्हणत, "बायकोकडे लग्नात इतकं निरखून बघितलं नव्हतं." अण्णा म्हणत, "तेव्हा डोळे चांगले होते, निरखायची काय गरज?"

मला किती अभिमान वाटायचा सांगू! एका माणसाचे डोळे झाले होते मी.

मग ते साल आलं. घरातल्या घरात पिढ्या वाढवल्या की मासे खुजे होत जातात, तसे अण्णांच्या माशांचे पर आखूड होऊ लागले. बाहेरचं रक्त हवं होतं. अण्णांनी ओळखीतून एक जोडी मिळवली. नवा मासा आणला की तीन आठवडे वेगळ्या टाकीत बसवायचा, रोग नाही याची खात्री करायची आणि मगच जुन्यांत सोडायचा, हा नेम. अण्णांचे चांगले नर म्हातारे होत आले होते, त्यांना घाई झाली. पंधराव्या दिवशी मला फोन. "ये, फोटो काढ. साफ असले तर आज सोडतो."

मी गेले. दोघांचे मिळून पंचवीसेक फोटो काढले, त्यातले सगळ्यांत देखणे दोन निवडले. मादीच्या फोटोत वरच्या पराच्या मागे चार पांढरे ठिपके होते, मोहरीहून बारीक. पाण्यातला कचरा असतो, बुडबुडे असतात, असे ठिपके प्रत्येक फोटोत येतात. बोट चार वेळा दाबलं, चारही गेले. मला विचारही करावा लागला नाही. फोटो टीव्हीवर लावला.

अण्णा बराच वेळ बघत होते. "साफ आहेत ना, शालू?"

"एकदम साफ, अण्णा. लग्नाच्या फोटोसारखे."

एंजल आपला जोडीदार आपणच निवडतात, आपण ठरवून चालत नाही. म्हणून अण्णांनी ती जोडी मोठ्या टाकीत सोडली, त्यांच्या सगळ्यांत चांगल्या माशांमध्ये.

आठवड्याभराने सकाळी वहिनींचा फोन आला. "शालू, मासे दगडाला अंग घासतायत. अंगावर रवा भुरभुरल्यासारखं झालंय. हे पहाटेपासून गच्चीवरच आहेत."

पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. मी कॉम्प्युटर उघडला आणि त्या मादीचे न निवडलेले फोटो काढले. आम्ही एक फोटो देतो आणि बाकीचे नापास करतो, त्यांच्याकडे कोण बघतंय? तेरा फोटो होते. पाण्यातला कचरा दर फोटोत जागा बदलतो. आता इथं, मग तिथं. हे चार ठिपके तेराही फोटोंत पराच्या मागे, त्याच जागी. मासा वळला तर तेही वळलेले. पाण्याचे नव्हते ते, माशाचे होते. आणि मी ते पुसले होते.

खोटं कशाला सांगू, बोट डिलीटच्या बटणापर्यंत गेलं होतं. ते तेरा फोटो माझ्याशिवाय कुणी पाहिले नव्हते. अण्णांना कधीच कळलं नसतं. पण ज्यांना दिसत नाही त्यांच्यापासून लपवणं म्हणजे अगदीच हलकटपणा झाला असता. कॉम्प्युटर पिशवीत घातला आणि रिक्षा करून चिकपेटेत गेले.

अण्णा गच्चीवर होते. औषध घातलं होतं, पाणी गरम ठेवलं होतं, पण उशीर झाला होता. शिवाय सगळ्या टाक्यांना एकच जाळी, तिच्याबरोबर रोग टाकीतून टाकीत गेलेला. मी सगळं सांगितलं. कसे ठिपके होते, कसे काढले. अण्णा म्हणाले, "लाव टीव्हीवर." खाली जाऊन लावले. ते नाक लावून बसले. एक, दोन, तेरा. मग उठले आणि वर गेले.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या घरातून इतक्या वर्षांत मी कधी कॉफी घेतल्याशिवाय बाहेर पडले नव्हते. वसुलीला आलेल्या माणसालाही तिथं कॉफी मिळते. त्या दिवशी वहिनी म्हणाल्या, "ये आता." मी जिना उतरले. चिकपेटेच्या गर्दीत उभी राहून रडले, आणि एक हमाल डोक्यावर गठ्ठा घेऊन "सरी, सरी, बाजूला अक्का" म्हणत मला ढकलून गेला.

चौदा टाक्या रिकाम्या झाल्या. मला कुणी बोलावलं नाही. मी दुसरी कामं घेत होते.

अडीच महिन्यांनी अण्णांचा फोन आला. "शालू, अकरा पिल्लं आहेत."

स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, फ्रिजशेजारी एका प्लॅस्टिकच्या टबात ती वाढत होती. जागा नव्हती म्हणून आधीच्या विणीची पिल्लं वहिनींनी तिथं ठेवून घेतली होती. वहिनी त्यांना जाळी लावू द्यायच्या नाहीत, वाटीने पाणी बदलायच्या. ती जाळी तिथं पोचली नाही, म्हणून वाचली.

"फोटो काढायला ये," अण्णा म्हणाले. "आणि ऐक. मला सगळे फोटो दाखवायचे. चांगले, वाईट, हललेले, सगळे. निवडायचं मी." मग म्हणाले, "तीन आठवडे थांबलो नाही, ती चूक माझी होती. ठिपके तुझे होते. झालं, वाटणी झाली. आयतु."

आयतु म्हणजे झालं, संपलं. अण्णा कन्नडमध्ये एखादं वाक्य मिटवत, ते परत उघडत नसत. त्या दिवशी वहिनींनी कॉफी दिली, आणि मी ती चुलीजवळ उभ्यानेच प्याले.

तेव्हापासूनचा माझा नेम: एका माशाचे कमीत कमी तीन फोटो, लागोपाठ, एकाच बाजूने. ते एकमेकांशेजारी लावून बघायचं, ठिपका पाण्याबरोबर जातो की माशाबरोबर राहतो. आणि फोटोतलं काही म्हणजे काही पुसायचं नाही. रंगालाही हात नाही. यापायी गिऱ्हाइकं गेली. शिवाजीनगरचा एक व्यापारी म्हणाला, "अक्का, स्वल्प लाल वाढवा की. सगळेच वाढवतात." मी म्हटलं, "लाल वाढवायचा तर माशाला चांगलं खायला घाला." गेला तो. जाऊ दे. पण पुढे परगावचे घेणारे मासे वाढवणाऱ्यांना विचारू लागले, "फोटो त्या काळ्या कपड्यांच्या अक्काने काढलाय का?" हो म्हटलं की दुसरं काही न विचारता घेत. आत्याबाईंना हे सांगायचं राहूनच गेलं.

अकरा पिल्लांची चौथी पिढी आली. निळी झाक परत आली, पट्टेही न तुटलेले. मात्र अण्णांचे डोळे तोवर जवळजवळ गेले. टीव्हीला नाक लावूनही नुसता उजेड दिसे. मी फोटो बघून तोंडाने सांगायची, ते मान हलवायचे. वहिनी हळूहळू सगळं शिकल्या होत्या, औषधं, पाणी, खाणं.

मागच्या वर्षी परत बाहेरचं रक्त आणायची वेळ आली. या खेपेला जोडी पुरते तीन आठवडे वेगळी बसवली. एकविसाव्या दिवशी मी गेले. वहिनींनी आधीच काचेला डोळे लावून पाहिलं होतं. "काही नाही गं. लख्ख आहेत."

मी काढायचे तितके फोटो काढले आणि खाली येऊन एकेक बघू लागले. अण्णा शेजारी खुर्चीवर, हात गुडघ्यांवर.

"साफ आहेत ना, शालू?"

तोच प्रश्न, त्याच आवाजात. नराच्या शेपटीच्या मुळाशी एक ठिपका होता. एकच, बारीक. कचराही असेल. पुढचा फोटो उघडला: ठिपका तिथंच. तिसरा: मासा वळलाय, ठिपकाही वळलाय.

"थांबा अण्णा," मी म्हटलं. "सोडू नका. एक आहे."

वहिनी धावत वर गेल्या, पुन्हा काचेला डोळे लावले, खाली आल्या. "मला तर काही दिसत नाही. एवढे दिवस झाले, एकही नव्हता. पाण्याचा असेल."

"पाण्याचा नाही, वहिनी. माशाचा आहे."

अण्णांनी क्षणभरही विचार केला नाही. "शालू म्हणते तर आहे. औषध काढ." मागल्या आठवड्यात वहिनींनी बाजारातून नवं पाणगवत आणून त्या टाकीत घातलं होतं, त्याच्याबरोबर आला असावा. दोन दिवसांनी नराच्या अंगावर सहा ठिपके उमटले, वहिनींच्या डोळ्यांना दिसतील असे. पण औषध दोन दिवस आधीच सुरू झालं होतं. जोडी वाचली. मोठ्या टाकीतल्या एकालाही काही झालं नाही. इतक्या वर्षांच्या कामात मला इतका आनंद कधी झाला नव्हता. घरी येऊन मी एकटीच हसत बसले होते.

अण्णांनी तो नराचा फोटो मागून घेतला. मोठा करून, काचेची फ्रेम करून दुकानात गादीच्या मागे लावला, जिथं बाकीचे व्यापारी लक्ष्मी लावतात. लक्ष्मी आहे, पण शेजारी.

परवा भाचीच्या लग्नाची साडी घ्यायला गेले होते. एक बाई पैठण्या बघता बघता म्हणाल्या, "फोटो छान आहे हो, पण त्यावर पांढरं काहीतरी पडलंय. पुसून घ्या." मी वर पाहिलं. ठिपक्याचं मला माहीत होतं, पण फ्रेमच्या काचेवर नेमका त्याच जागी बोटाचा तेलकट डाग होता, चांगला जुना, थरावर थर बसलेला. सवयच ती. माझा हात पिशवीत गेला, मलमलचं फडकं बाहेर आलं.

शेजारी उभ्या असलेल्या वहिनींनी माझं मनगट धरलं. "राहू दे गं. सकाळी दुकान उघडलं की हे आधी लक्ष्मीला हात लावतात, मग तिथं. पहिल्यांदा मी बोट धरून दाखवलं होतं. आता बरोबर जातं."

अण्णा गादीवर बसून बाईंना पैठणीचा पदर हाताने चाचपून दाखवत होते. मी फडक्याची घडी घातली आणि ते परत पिशवीत ठेवलं.